गरोदर स्त्रिया आणि बाळंतिणींसाठी घरभेटींचं मनोविकार-काम: सुरुवात कशी करावी?

दवबिंदू (प्रश्न)

प्रौढांच्या सर्वसाधारण मनोविकार विभागातून आता गरोदर आणि प्रसूत स्त्रियांसाठीच्या कम्युनिटी टीममध्ये काम सुरू करायचं आहे. बाळ वर्षाचं होईपर्यंतची जबाबदारी टीमकडे असेल आणि बरंचसं काम घरभेटीचं असेल. औषधांची पुस्तकी माहिती आहे. अडतं ते तीन ठिकाणी. लिथियम किंवा लॅमोट्रिजिन (दोन्ही मनःस्थितीचे चढउतार आवरणारी औषधं) चालू असलेल्या गरोदर स्त्रीचं वेळापत्रक नेमकं कसं आखायचं? घरभेटीत काय बघायचं, जे ओपीडीत दिसत नाही? आणि ‘बाळाला माझ्या हातून काही होईल’ असं आई म्हणाली, तर तो ओसीडीतला (नकोसे विचार पुन्हा पुन्हा येण्याच्या आजारातला) विचार आहे की सायकोसिसची (वास्तवाचं भान सुटण्याच्या आजाराची) सुरुवात, हे पहिल्याच भेटीत कसं ओळखायचं?

गारवेल

या कामात आणि नेहमीच्या ओपीडीत मोठा फरक कॅलेंडरचा. प्रसूतीची तारीख ठरलेली असते आणि आजार उलटण्याची सर्वांत मोठी जोखीम त्या तारखेनंतरच्या पहिल्या दोन-चार आठवड्यांत असते. म्हणून निर्णय आधी घ्यायचे, कागदावर उतरवायचे, आणि तो कागद प्रसूतिगृहातल्या रात्रपाळीच्या नर्सच्या हाती असायला हवा. २८ ते ३२ आठवड्यांच्या दरम्यान स्त्री, तिचा जोडीदार किंवा घरचं माणूस, प्रसूतितज्ज्ञ, सुईण आणि बालरोगतज्ज्ञ यांच्यासोबत एकच बैठक घ्या. ३६व्या आठवड्यापर्यंत लांबवलीत, तर लवकर प्रसूती झालेली बाई कागदाविनाच दाखल होते.

आता लिथियम. गर्भधारणा कळली म्हणून एका दिवसात बंद करू नका. अचानक बंद केल्यावर आजार जोरात उलटतो. बंद करायचंच ठरलं, तर किमान चार आठवडे घेऊन हळूहळू उतरवा. चालू ठेवायचं ठरलं, तर पहिल्या तिमाहीत बाळाच्या हृदयातल्या दोषाची जोखीम डोसप्रमाणे वाढते, दिवसाला ९०० मिग्रॅच्या वर विशेष, हे तिला आकड्यासकट सांगा आणि १८ ते २० आठवड्यांच्या सुमारास हृदयाची सविस्तर सोनोग्राफी ठरवा. मूत्रपिंडांचं गाळण वाढल्यामुळे रक्तातली पातळी गरोदरपणात घसरत जाते. दर चार आठवड्यांनी तपासा, ३६व्या आठवड्यापासून दर आठवड्याला. पातळी राखण्यासाठी डोस वाढवावा लागतो, आणि घोटाळ्याचं मूळ इथेच आहे: बाळ जन्मलं की गाळण झपाट्याने पूर्वपदावर येतं, पण डोस वाढलेलाच राहतो. त्यात कळांच्या वेळी पाणी कमी गेलेलं असतं, आणि टाके दुखतात म्हणून कुणीतरी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक लिहून देतं. विषबाधेला एवढं पुरे.

म्हणून योजनेत ही वाक्यं जशीच्या तशी असू द्या: कळा सुरू झाल्या की लिथियम थांबवा. शेवटच्या डोसनंतर १२ तासांनी पातळी पाहा. पाणी भरपूर द्या. दुखण्यावर पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेनच्या गटातलं काही नाही. प्रसूतीनंतर पातळी आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडांची रक्ततपासणी) पाहून गरोदरपणापूर्वीच्या डोसवर परत या, २४ तासांत पातळी पुन्हा तपासा. तो जुना डोस आकड्यात लिहा. ‘पूर्वीप्रमाणे’ एवढंच लिहिलंत, तर वाचणारा कालचा डोस देतो. गरोदरपणातल्या जोरदार उलट्या हाही धोक्याचा काळ आहे. उलट्या आवरत नसतील तर त्याच दिवशी पातळी पाहा.

लॅमोट्रिजिनचंही असंच, फक्त कारण वेगळं. वाढलेल्या इस्ट्रोजेनमुळे यकृत ते लवकर निकाली काढतं, पातळी निम्म्याखालीही जाऊ शकते. गर्भधारणेआधीची एक पातळी हाताशी असेल तर तुलना सोपी जाते. प्रसूतीनंतर दोन-तीन आठवड्यांत हे उलटं फिरतं, त्याच काळात डोस पायरीपायरीने उतरवा. चक्कर, दुहेरी दिसणं, तोल जाणं या खुणा आईला आधीच सांगून ठेवा. आणि चाचणी पॉझिटिव्ह आली म्हणून तिने स्वतःच सलग पाच-सहा दिवस गोळी बंद ठेवली असेल, तर जुन्या डोसवर उडी नको. २५ मिग्रॅपासून नव्याने चढवा, नाहीतर गंभीर पुरळाचा धोका.

व्हॅल्प्रोएटबद्दल (मनःस्थिती आवरणारं आणखी एक औषध) चर्चा नकोच. जन्मजात दोष सुमारे १० टक्के बाळांत, बौद्धिक विकासावर परिणाम ३० ते ४० टक्क्यांत. मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीला ते सुरूच करू नये.

प्राजक्त

घरभेटीबद्दल लिहितो.

पहिल्या भेटीला ६० ते ९० मिनिटं धरा आणि त्यातली किमान १५ मिनिटं बाई एकटी भेटलीच पाहिजे. घरातलं कुणी शेजारी बसलेलं असताना आत्महत्येच्या विचारांचं किंवा मारहाणीचं उत्तर खरं येत नाही. ‘हा तपासणीचा नेहमीचा भाग आहे, सगळ्यांनाच करतो’ असं आधीच फोनवर सांगून ठेवलं की दारात वाद होत नाही. दुभाषा लागत असेल तर नातेवाईक नको.

एडिनबरो स्केल (बाळंतपणातल्या नैराश्याची प्रश्नावली, १९८७पासून वापरात आहे) तिच्याच हातात द्या. दहा प्रश्न, गेल्या सात दिवसांबद्दल, गुण ० ते ३०. १३ किंवा जास्त आले की नैराश्याची शक्यता धरून सविस्तर मुलाखत घ्यायची. निदान मुलाखतीतूनच होतं, स्केलवरून नाही. बेरीज करण्याआधी दहावा प्रश्न पाहा, तो स्वतःला इजा करण्याबद्दलचा आहे. तिथे शून्याखेरीज काहीही असेल, तर बेरीज चार असली तरी त्याच बैठकीत विचारायचं. तिसरा, चौथा, पाचवा प्रश्न चिंतेचे. बेरीज कमी असून गुण तिथेच साठलेले दिसले, तर चिंतेचा आजार शोधा. पीएचक्यू-९मध्ये (नैराश्याची सर्वसाधारण प्रश्नावली) थकवा, झोप, भूक यांचे गुण नव्या आईत आजाराशिवायही चढतात, म्हणून इथे एडिनबरो बरं पडतं.

झोपेचा प्रश्न असा विचारा: ‘बाळ झोपलेलं असताना, दुसरं कुणी सांभाळायला असताना, तुम्हाला झोप लागते का?’ सगळ्याच बाळंतिणी जागतात, तेव्हा नुसतं ‘झोप येते का’ विचारून हाती काही लागत नाही. झोपेची संधी असून लागत नसेल तर काळजी. झोप कमी, तरी अंगात उत्साह मावत नसेल तर जास्तच काळजी. नैराश्यावर पहिली गोळी लिहिण्याआधी पूर्वीच्या उन्मादाबद्दल (अवाजवी उत्साहाचा आजारी काळ) तिला आणि घरच्यांना वेगवेगळं विचारा. बायपोलर आजार (उन्माद आणि नैराश्य दोन्ही येणारा) असून नुसती नैराश्याची गोळी दिली, तर बाळंतपणात उन्माद उसळण्याची भीती असते.

बाळालाही बघा. आई त्याच्याशी बोलते का, रडल्यावर कोण उठतं, बाळ तिच्या डोळ्यांकडे बघतं का, दूध पाजताना ती कुठे बघते. वजनाचा तक्ता मागून घ्या. हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉइडची तपासणी) झालेलं नसेल तर करून घ्या. प्रसूतीनंतरचा थायरॉइडचा बिघाड नैराश्यासारखाच दिसतो.

कुंदकळी

तिसरा प्रश्न राहिला, आणि चूक दोन्ही बाजूंनी महाग पडते.

ओसीडीतल्या आईला तो विचार नकोसा असतो, ती घाबरते. सुऱ्या लपवते, बाळाला अंघोळ घालायचं टाळते, एकटी राहत नाही, शंभर वेळा श्वास तपासते. सांगताना लाज वाटते, कारण बाळ काढून घेतील ही भीती. निव्वळ अशा विचारांमुळे बाळाला धोका वाढत नाही. ‘बाल संरक्षण’ म्हणून घाईने कळवलंत तर ती पुन्हा कुणाला काही सांगणार नाही. विचारताना दार तुम्हीच उघडा: ‘बऱ्याच आयांच्या मनात बाळाबद्दल भीतीदायक, नकोसे विचार येतात. तुमच्या येतात का?’

सायकोसिसमध्ये तो विचार तिला परका वाटत नाही, पटलेला असतो. बाळ बदललंय, बाळात काही दैवी किंवा दुष्ट आहे, त्याला त्रासातून सोडवायचंय. गोंधळ, वेळ-काळाचं भान सुटणं, मूड तासातासाला पालटणं ही बाळंतपणातल्या सायकोसिसची खास लक्षणं. सकाळी ठीक दिसलेली बाई संध्याकाळी ओळखू येत नाही. म्हणून एका भेटीत बरी वाटली एवढ्यावर फाइल मिटू नका, घरच्यांनी गेल्या तीन दिवसांत काय पाहिलं ते विचारा. असा सायकोसिस हजार प्रसूतींत एक-दोन जणींना होतो, बहुतेक पहिल्या दोन आठवड्यांत. बायपोलर-१ (पूर्ण उन्माद येणारा प्रकार) असलेल्यांत साधारण पाचातली एक. आधी एकदा झाला असेल तर निम्म्यापर्यंत. ही तातडी आहे: त्याच दिवशी दाखल करायचं, शक्य असेल तर बाळासह, आणि आई-बाळ दोघं एकटे राहणार नाहीत हे बघायचं. ताप, डोकेदुखी, झटके, रक्तदाब पाहा. संसर्ग, एक्लॅम्प्सिया (रक्तदाब वाढून येणारे झटके), मेंदूच्या शिरेतली गुठळी, एनएमडीए एन्सेफलायटिस (मेंदूची एक सूज) हे सगळे याच वेषात येतात.

या तीनपैकी एक जरी गोष्ट आढळली तर वेटिंग लिस्ट विसरा: मनःस्थितीत अलीकडे झालेला मोठा बदल, हिंसक पद्धतीने स्वतःला संपवण्याचे नवे विचार, आणि ‘मी आई म्हणून नालायक आहे’ किंवा ‘हे बाळ माझं वाटत नाही’ असं सतत म्हणणं.

दवबिंदू

खूप उपयोगी. एक राहिलं. सर्ट्रालिन (नैराश्याचं औषध) घेणारीला ‘दूध काढून फेका’ असं सांगितलं जातं. ते योग्य आहे का?

गारवेल

नाही. सर्ट्रालिन दुधात फार कमी उतरतं. बाळ पूर्ण दिवसांचं आणि निरोगी असेल तर पाजू द्या. गरोदरपणात एसएसआरआय (सर्ट्रालिनच्या गटातली औषधं) चालू असतील तर बाळ जन्मल्यावर दोन दिवस थरथर, चिडचिड, श्वास, दूध ओढणं यांवर लक्ष ठेवा. बहुतेक आपोआप शमतं. क्लोझापिनवर (सायकोसिसचं औषध) स्तनपान नको, लिथियमवरही सहसा नकोच.

दूध थांबवायचं ठरलं, तर मात्र सायकोसिसचा इतिहास असलेल्या बाईला ब्रोमोक्रिप्टिन किंवा कॅबर्गोलिन लिहिलं जात नाही ना, हे बघा. मेंदूत डोपामिनसारखं काम करणारी अशी औषधं आजार ओढवू शकतात. प्रसूतीच्या योजनेत यासाठी वेगळी ओळ ठेवा. आणि झोप आणणारं कुठलंही औषध चालू असलेल्या आईने बाळाला स्वतःच्या अंथरुणात घेऊन झोपायचं नाही. रात्रीचं एक पाजणं दुसऱ्याने बाटलीने केलं, तर तिला सलग चार-पाच तास मिळतात. ते कोण करणार, त्या माणसाचं नाव योजनेत लिहा.