गेमिंगच्या पीसीला ७,०००वाली एसएसडी कशाला?

कोयनाकाठ
धाकट्या भावाला पीसी बांधून देतोय. बजेट ७५ हजार, त्यातला मोठा घास ग्राफिक्स कार्डच गिळणार. दुकानदाराने कोटेशनमध्ये १ टीबीची जेन ४ (म्हणजे चौथ्या पिढीची) एनव्हीएमई, थेट बोर्डावर बसणारी वेगवान एसएसडी, टाकलीय. खोक्यावर ठळक छापलंय, ७,००० एमबी सेकंदाला. माझ्या मते ही निव्वळ हौस आहे. त्याच पैशात थोडी भर घातली की २ टीबीची साधी क्यूएलसी ड्राइव्ह येते.

गेम एकदा उतरवला की पुढे नुसता वाचला जातो. बाल्डर्स गेट ३ एकटाच १५० जीबी जागा मागतो. १ टीबी म्हणून घेतलेली ड्राइव्ह विंडोजमध्ये दिसते ९३१ जीबी. त्यात विंडोज, कॉलेजचं सामान आणि असे तीन-चार गेम, की लगेच ‘कुठला काढू’ सुरू. म्हणून माझं मत जागेला. पटत नसेल तर खोडून काढा, पण कारण देऊन. ‘भावा, बिनधास्त घे’ छाप उत्तरं नकोत.

खटपट्या
जागेबद्दल सहमत, क्यूएलसीबद्दल अजिबात नाही.

क्यूएलसीच्या एका सेलमध्ये (डेटा ठेवायच्या खणात) ४ बिट कोंबलेले असतात, टीएलसीत ३. चार बिट नीट बसवायला वेळ लागतो. म्हणून ड्राइव्ह रिकाम्या जागेत आधी सेलमागे एकच बिट भराभर लिहून ठेवते आणि सवड मिळाली की आवरते. हाच तो कॅशे. १ टीबीची क्यूएलसी पूर्ण रिकामी असली तरी हा कॅशे फार तर २५० जीबी. ड्राइव्ह भरत जाईल तसा तो आटतो.

गेल्या दिवाळीत मेहुण्याच्या पीसीत अशीच एक स्वस्त ड्राइव्ह बसवली (नाव घेत नाही). जुन्या साटा (वायरीने जोडायच्या, हळू) एसएसडीवरून गेमचं फोल्डर ओढायला लावलं, ३०० जीबीच्या आसपास. सुरुवातीला ५००ने पळत होतं. मग आलेख कड्यावरून पडावा तसा एकदम ८०वर आला आणि तिथेच लोळत राहिला. फराळ झाला, चहा झाला, बार तिथेच. मेहुणा शांतपणे म्हणाला, “ही हार्ड डिस्कच आहे ना?” सासुरवाडीत इज्जत गेली ती गेलीच.

दीडशहाणा_नाशिक
खटपट्या, तुम्ही रोज ३०० जीबी इकडून तिकडे हलवता का? वर्षातून एकदा होणाऱ्या गोष्टीवर खरेदी ठरवायची?

हिशेब करा. घरी १०० एमबीपीएसचं फायबर असेल तर गेम उतरतो सेकंदाला १२.५ एमबीने. १५० जीबीला जवळजवळ साडेतीन तास. तुमची ती लोळलेली ८०ची ड्राइव्हसुद्धा यापेक्षा सहापट पुढे आहे. कॅशे संपला काय नि उरला काय, अडणार इंटरनेटपाशीच.

झिजण्याची भीती घालणारे येतील म्हणून तेही आत्ताच सांगतो. क्रुशल पी३ प्लस ही क्यूएलसी, २ टीबीला ४४० टीबीडब्ल्यू, म्हणजे एकूण ४४० टीबी लिहून होईपर्यंत कंपनीची हमी. म्हणजे ५ वर्षं रोज २४० जीबी लिहिलं तर कुठे कंपनीने दिलेली मर्यादा गाठते. सॅमसंग ९९० प्रो १ टीबीला ६०० देते, मान्य. पण तुमचा भाऊ रोज २४० जीबी लिहिणार असेल तर त्याला एसएसडी नको, समुपदेशन द्या. कोयनाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत.

खटपट्या
टीबीडब्ल्यूचा मुद्दा मी काढलेलाच नाही. उगाच माझ्या तोंडी घालू नका.

माझा मुद्दा अपडेटचा. स्टीमवर अपडेट २ जीबीचा दिसतो, डाउनलोड पाच मिनिटांत संपतं, आणि मग डिस्कचा आलेख बराच वेळ हिरवागार. कारण पॅच लावताना मोठमोठ्या फाइली नव्याने लिहिल्या जातात. तिथे इंटरनेट अडत नाही, ड्राइव्ह अडते. २ टीबी घेऊन गच्च भरणार, मग कॅशे उरणार किती? क्यूएलसी भरलेली असतानाच वाईट वागते आणि गेमरची ड्राइव्ह कायम भरलेलीच असते.

सासूबाई_लेव्हल_९९
मी २०१७पासून साटा एसएसडीवर खेळतेय, ५५० एमबीवाली. लेकाकडे जेन ४. दोघांनी एकच गेम एकाच वेळी चालू करून पाहिला, तो माझ्याआधी दोनेक सेकंद आत. तेवढ्यात मी चष्मा पुसते. हार्ड डिस्कवरून एसएसडीवर आले होते तो फरक मात्र जन्मात विसरणार नाही.

तरी नव्या पीसीत साटा घेऊ नका. किमतीत फारसा फरक उरलेला नाही आणि दोन वायरी वाढतात.

लॅमिंग्टनकर
सगळे आजच्या गेमवर बोलताहेत. पीसी पाच-सहा वर्षांसाठी घेतात हो. मायक्रोसॉफ्टने डायरेक्टस्टोरेज (गेमचा डेटा ड्राइव्हवरून झटपट ओढायची सोय) मार्च २०२२मध्ये पीसीवर सगळ्या डेव्हलपरांना खुलं केलं. त्याची १.१ आवृत्ती आल्यापासून दाबून ठेवलेला डेटा ग्राफिक्स कार्डच उलगडू शकतं, प्रोसेसरवर भार नाही. प्लेस्टेशन ५मध्ये वेगळी ड्राइव्ह टाकायची तर सोनी ५,५०० एमबी किंवा जास्त वेगाची शिफारस करते. म्हणजे गेम बनवणाऱ्यांचा रोख कुठे आहे ते बघा. सायबरपंक गेमने २०२३मध्ये किमान गरजेतूनच हार्ड डिस्क काढून टाकली. आज ७,००० चैन वाटते, उद्या तीच किमान अट होईल. मी तर म्हणतो झेपत असेल तर जेन ५ घ्या.

दीडशहाणा_नाशिक
प्लेस्टेशन सांगितलंत, एक्सबॉक्स सोयीस्कर विसरलात. सिरीज एक्सच्या ड्राइव्हचा मूळ वेग सेकंदाला २.४ जीबी. दोन्हीकडे विकायचा गेम दोघांतल्या हळू यंत्रावरही चालावाच लागतो. जेन ३ची बरी ड्राइव्ह ३,५०० देते. आणि डायरेक्टस्टोरेज येऊन इतकी वर्षं झाली, ते नीट वापरणारे गेम मोजायला अजून हाताची बोटं पुरतील असं मला वाटतं.

शिवाय खोक्यावरचा आकडा सलग मोठी फाइल वाचतानाचा असतो. गेम वाचतो तुकडे. एकेक करून ४ केबीचे तुकडे वाचायला लावले की उत्तम ड्राइव्हसुद्धा १०० एमबीच्या आसपास येते, जेन ५ धरून. महामार्गावर १८०ने पळणारी गाडी लक्ष्मी रोडवर काय करणार?

लॅमिंग्टनकर
लक्ष्मी रोडवर गाडी घेऊन जाणाऱ्याचीच चूक आहे. बाकी वाद चालू द्या. जेन ५बद्दल मी ठाम.

बोर्डवाला
कालपासून वाचतोय, हसू आवरत नाही. ७,००० की ५,००० यावर युद्ध चाललंय आणि प्रोसेसर कुठला हे कुणी विचारलंच नाही. कोयनाकाठ, कोटेशन उघडून जसं आहे तसं लिहा.

कोयनाकाठ
रायझेन ५ ५५००, बी५५० बोर्ड, १६ जीबी रॅम.

बोर्डवाला
हेच वाटलं होतं. ५६०० नाही, ५५००. नावात शंभराचाच फरक, पण ५५००मध्ये पीसीआयई (ड्राइव्ह आणि कार्ड जोडणारी वाट) ३.०च आहे, म्हणजेच जेन ३. ५६००जीचंही तेच. बी५५० बोर्डाचा मुख्य एम-टू स्लॉट (एसएसडी बसवायची खाच) थेट प्रोसेसरला जोडलेला असतो, त्यामुळे बोर्डाच्या खोक्यावर जेन ४ लिहिलेलं असलं तरी या प्रोसेसरवर तो जेन ३नेच चालणार. तुमची ७,०००वाली ड्राइव्ह साधारण ३,५००ला थांबेल. बिघडणार काही नाही. अर्ध्या वेगाचे पैसे मात्र कपाटात.

ग्राफिक्स कार्डालाही हेच लागू. हल्लीची बरीच मधली कार्डं १६ऐवजी ८ लेनचीच (डेटाच्या वाटांचीच) येतात, त्यांना जेन ३वर थोडा फटका बसतो. ड्राइव्हवरचे पैसे वाचवून आधी ५६०० घ्या. मग एसएसडीवर भांडू.

कोयनाकाठ
च्यायला. दुकानदाराला फोन लावला. “साहेब, चालते की त्यात,” म्हणाला. खोटं काहीच बोलला नाही तो.

म्हणजे ७,००० नको हे माझं म्हणणं बरोबरच निघालं, फक्त कारण माझं नव्हतं. ५६०० घेतोय. आता ड्राइव्ह १ टीबी टीएलसी की २ टीबी क्यूएलसी?

खटपट्या
१ टीबी टीएलसी, डीरॅम (ड्राइव्हची स्वतःची छोटी रॅम) नसलेली. डीरॅमवरून कुणी घाबरवलं तर ऐकू नका. या ड्राइव्ह पीसीच्याच रॅममधला लहानसा तुकडा, बहुतेक ६४ एमबीच्या आत, उसना घेतात. गेमिंगला तेवढं भरपूर. डब्ल्यूडी एसएन७७० याच जातीची, १ टीबीला ६०० टीबीडब्ल्यू. दुसरी पुढच्या वर्षी दुसऱ्या स्लॉटमध्ये टाका.

दीडशहाणा_नाशिक
“पुढच्या वर्षी” हे वाक्य २०२३मध्ये चाललं असतं. २०२५च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव कुठे चाललेत पाहताय ना? चिपा एआयच्या डेटा सेंटरांकडे वळल्यात. मायक्रॉनने तर डिसेंबर २०२५मध्ये क्रुशलचा ग्राहकांचा धंदाच गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. जागा आत्ताच घ्या, २ टीबी.

आणि बी५५०चा दुसरा स्लॉट वापरला की बऱ्याच बोर्डांवर दोन साटा पोर्ट बंद पडतात, हे सांगायचं राहिलं वाटतं.

खटपट्या
त्या पोर्टांना भाऊ लावणार काय? डीव्हीडी रायटर?

बोर्डवाला
दोघांनीही आता पाणी प्या. कोयनाकाठ, काहीही घेतलंत तरी दोन गोष्टी. बिलावर सीरियल नंबर लिहून घ्या, वॉरंटीच्या वेळी “बिलात हाच माल कशावरून” ऐकावं लागतं, मी ऐकलंय. आणि बोर्डाच्या हीटसिंकखालच्या थर्मल पॅडवर पातळ पारदर्शक फिल्म असते, ती सोलूनच बसवा. न सोलता वर्षभर चालवलेले पीसी माझ्याकडे येतात आणि मालक म्हणतो ड्राइव्ह फार तापते.

कोयनाकाठ
१ टीबी टीएलसीच घेतली. २ टीबीचा भाव कालच्यापेक्षा आज वर गेलेला, बजेट फुटत होतं. दीडशहाणा, पुढच्या वर्षी रडत आलो तर हाच धागा वर काढा. फिल्म सोलली. पण ड्राइव्ह आडवी दाबून धरायचा स्क्रूच सापडत नाहीये. बोर्डाच्या खोक्यात एक बारीक पुडी होती म्हणे, ती आईने थर्माकोलसकट कचऱ्यात टाकली. एक टोक वर उचललेलं आहे, तसंच चालू करू का?

बोर्डवाला
अजिबात नको. बाजारात जाऊन लॅपटॉप दुरुस्तीवाला गाठा आणि दोन मिलिमीटरचा एम-टूचा स्क्रू मागा. त्याच्या डबीत मूठभर पडलेले असतात.