चिनी 'मांगचोंग'ला 'मृग' म्हणायचं का?

ओंबी
नमस्कार मंडळी. एका शेतीविषयक मासिकासाठी चिनी शेतकऱ्यांच्या हवामानाच्या म्हणी मराठीत आणते आहे. तिकडे सूर्याच्या गतीवरून वर्षाचे 24 भाग करतात, एकेक साधारण पंधरा दिवसांचा. त्यातला 'मांगचोंग' 5-6 जूनला लागतो. संपादकांनी मुद्रितात त्याच्या जागी सरळ 'मृग' केलं आहे. तारीख जवळपास तीच, वाचकाला चटकन कळेल, असं त्यांचं म्हणणं. मला पटत नाही. मांग म्हणजे धान्याचं कुसळ, चोंग म्हणजे पेरणं. कुसळाचा गहू काढायचा आणि भात लावायचा, असा दुहेरी अर्थ तिकडे सांगतात. दुसरा शब्द सुचतो का?

काळी माती
संपादक बरोबर आहेत. आमच्या वडिलांनी जूनची तारीख कधी विचारली नाही, 'मिरग निघाला का' एवढंच विचारायचे. शेतकरी वाचणार असेल तर त्याच्या तोंडचा शब्द द्या. 'कुसळपेर' असलं काही घडवलंत तर तो पान उलटेल.

ओंबी
दादा, शब्द ओळखीचा आहे, पण अर्थ उलटा होतो. हनान, शांतुंग या उत्तरेकडच्या प्रांतांत तेव्हा गहू वाळून कापणीला उभा असतो. पावसात सापडला तर ओंबीतच दाण्याला मोड येतात. म्हणून 'गहू काढणं म्हणजे आग विझवणं' अशी त्यांची म्हण आहे, इतकी घाई. आपला माणूस मृगात पावसाची वाट बघतो आणि तिकडचा त्याच आठवड्यात आणखी चार दिवस उघडीप मागतो. 'मृग' लिहिलं की आपल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे पहिली सर येणार. मग ही म्हण त्याला कळायची कशी?

पंचांगवाचक
तारखा जुळतात हा आजच्या काळापुरता योग आहे. मांगचोंग सायन, म्हणजे ऋतूंना बांधलेला: सूर्य वसंतसंपातापासून, म्हणजे मार्चमध्ये दिवस-रात्र सारखी होते तेव्हाच्या त्याच्या जागेपासून, 75 अंशांवर आला की तो लागतो. आपला मृग निरयन, ताऱ्यांना बांधलेला. आज दोघांत दोनेक अंशांचं अंतर आहे, पण संपातचलनामुळे, म्हणजे हा संपातबिंदू ताऱ्यांमधून हळूहळू मागे सरकत असल्यामुळे, आपली नक्षत्रं साधारण 72 वर्षांत एक दिवस ऋतूंच्या पुढे सरकतात. हजार वर्षांपूर्वी मृग आजच्या हिशेबाने मेच्या अखेरीस निघत असे. चिनी नावं मात्र ऋतूला धरून राहिली. इ.स.पू. 139 च्या सुमाराच्या 'ह्वायनान-त्स' ग्रंथात 24 ची यादी आहे आणि नावं बहुतेक तीच आहेत.

वेळूबन
ओंबीताई, त्या 24 भागांना एकत्रित काय म्हणताय? 'सौरसंज्ञा' नको, ती इंग्रजी 'सोलर टर्म'ची उसनवारी. चिनी शब्द 'च्ये-छी' आहे, त्यात ना सूर्य ना संज्ञा. च्ये म्हणजे बांबूचं पेर, आणि सणालाही च्येच म्हणतात. संस्कृतात 'पर्वन्' पाहा: वेताचं पेर तेच आणि सणही तेच! इतका जुळणारा शब्द घरात असताना बाहेर कशाला बघायचं? 'पर्व'च.

पेठकरीण
पर्व आता टीव्हीवाल्यांनी नेलं. '24 पर्वं' म्हटल्यावर लोकांना मालिका आठवेल, नाहीतर महाभारत. सरळ 'पेर' म्हणा. 'वर्षाची 24 पेरं' किती छान वाटतं कानाला.

वेळूबन
'पेर' आणि 'पेरणी' यांची गल्लत होईल. शेतीच्या मासिकात तर हमखास.

काळी माती
गल्लत कसली, शब्द एकच असणार. ऊस लावतात कसा? टिपरी तोडून. टिपरीवर पेर असतं, तिथलाच डोळा फुटतो. पेर लावलं म्हणून पेरणं.

वेळूबन
नाही हो. 'पेरणं' मला 'प्रेर्'वरून आलेलं वाटतं, म्हणजे पुढे सोडणं. पाभरीच्या चाड्यावर मूठ धरून बी सोडतात ते. उसाला आपण 'लागण' म्हणतो, पेरणी म्हणत नाही.

काळी माती
लागण झाली लावणीवरून, त्याने पेरणं कुठे खोटं ठरतं? बैलामागे चालणाऱ्याला धातू विचारू नका.

ओंबी
तेवढ्यात दुसरी अडचण. 21 मेच्या 'श्याओमान'चा शब्दशः अर्थ 'थोडं भरलेलं'. गव्हाचा दाणा भरतोय, पण अजून पुरता नाही. मी 'गहू चिकात' लिहिलं आहे.

पंचांगवाचक
ते उत्तरेपुरतं. दक्षिणेत हेच 'भरणं' भातखाचरातल्या पाण्याचं मानतात. 'श्याओमानला भरलं नाही तर बांध भेगाळतात', अशा अर्थाची तिकडची म्हण आहे. 'चिकात' केलंत तर यांगत्से नदीच्या दक्षिणेचा सगळा शेतकरी बाहेर राहिला. 'भर' ठेवा, दाणा आणि पाणी दोन्ही त्यात येतात.

पेठकरीण
'भर' आवडला. आणि दवाच्या दोन नावांचं काय केलंत?

ओंबी
'पायलू' म्हणजे पांढरं दहिवर, 'हानलू' म्हणजे गार दहिवर. पहिलं 7-8 सप्टेंबरला, दुसरं ऑक्टोबरच्या आठ तारखेच्या आसपास. या दोन्हींच्या मध्ये शरदसंपात, म्हणजे सप्टेंबरमध्ये दिवस-रात्र सारखी होते तो. उत्तरेकडची म्हण अशी बसवली: 'पांढऱ्या दहिवरी लवकर, गार दहिवरी उशीर, शरदसंपाती गव्हाची पेर.'

काळी माती
दहिवर झकास. पण 'शरदसंपाती' कोण म्हणतं? उत्तरा नक्षत्र म्हणा की! 'पडतील उत्तरा तर भात खाईना कुत्रा.'

पेठकरीण
आमच्या आजीची म्हण 'न पडतील उत्तरा तर भात मिळेना पितरा' अशी होती. कुत्रा नव्हता त्यात.

भातखाचर
कोकणात दोन्ही म्हणतात, एकीला लागून दुसरी. उत्तरात भात पोसवतं, तेव्हा पाणी हवंच. पडला तर इतकं पिकेल की कुत्रासुद्धा तोंड लावणार नाही, नाही पडला तर पितरांच्या पानालाही भात नाही.

पेठकरीण
मग पितरांची ओळ आधीची असणार. पितृपक्ष त्याच सुमारास येतो. कुत्रा नुसता यमकासाठी आला.

काळी माती
यमकासाठी तर पितरही आले असतील. पाऊस पडल्याची म्हण आधी, न पडल्याची नंतर. आमच्या गावात कुत्र्याचीच ऐकली आहे.