'लुडाइट'ला मराठीत काय म्हणाल?

अर्धाअनुवाद
कामगार चळवळीवरच्या एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतेय. त्यात 'लुडाइट' दर तिसऱ्या ओळीत. मी 'यंत्रद्वेष्टे' लिहिलं, तर संपादकांचा समासात शेरा: 'ही मालकांची भाषा.' 'यंत्रविरोधक' केलं, तेही खोडलं. त्यांचं म्हणणं खोटं नाही. १८११-१२ला इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमशायरमध्ये मोजे विणायचे माग ज्यांनी फोडले, त्यांचं पोट त्याच मागांवर चालत होतं. तो माग तेव्हा दोनशे वर्षं जुना! राग होता तो शिकाऊ म्हणून उमेदवारी न केलेली माणसं कमी मजुरीत बसवण्यावर, आणि रुंद कापड कापून शिवलेल्या भिकार मोज्यांवर. सरकारनं १८१२मध्ये माग फोडणाऱ्याला फाशीचा कायदा केला. एका शब्दात काय लिहू?

शुद्धमती
'यंत्रभंजक'. मूर्तिभंजक आहेच, लगेच कळतो.

कट्टेकरी
लुडाइटच ठेवा आणि तळटीप द्या. हाकानाका.

शुद्धमती
तळटिपा वाचतं कोण? बॉयकॉट हेही आयर्लंडमधल्या एका जमीनदाराच्या कारभाऱ्याचं आडनाव. आपण 'बहिष्कार' म्हणून मोकळे झालोच ना?

गिरणगाव
मूर्तिभंजकाला मूर्तीच नको असते. यांना माग हवा होता, फक्त अटी जुन्या हव्या होत्या. यंत्रभंजक जमत नाही.
आमच्याकडे तीन पिढ्या मुंबईच्या गिरणीत, साचेखात्यात. घरात 'यंत्र' म्हणजे देव्हाऱ्यातलं श्रीयंत्र. मागाला 'साचा', विणणारा 'साचेवाला'. १९२८चा गिरण्यांचा सहा महिन्यांचा संप ज्या कारणांनी झाला त्यात हेही होतं, की दोनाऐवजी तीन साचे चालवा. म्हणजे सहा साच्यांवर जिथे तिघं होते तिथे दोघं. मालक त्याला रॅशनलायझेशन म्हणत. आजोबा नुसतं 'तीन साचे' म्हणायचे, पुढचं चाळीत कुणाला समजवावं लागत नसे. तुमच्या लेखाला असा एखादा शब्द शोधा, यंत्र-बिंत्र सोडा.

खतावणी
नाव बदललं की विरोध कसा सैल होतो ते मी बँकेत आतून पाहिलंय. सप्टेंबर १९८३मध्ये संघटनांचा आणि इंडियन बँक्स असोसिएशनचा संगणकीकरणावर करार झाला, पुढच्या वर्षी त्याच विषयावर रंगराजन समितीचा अहवाल आला. मग शाखेत आलं ते 'ॲडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन'. आम्ही एएलपीएम म्हणायचो. आत बसला होता तो कॉम्प्युटरच, पण तो शब्द कुणी उच्चारायचा नाही! खतावणी करणारं यंत्र, बस. मशीनवर व्हाउचर चढवायचं आणि शेजारच्या जाडजूड लेजरातही हातानं चढवायचं, दोन्हीचा मेळ बसेपर्यंत संध्याकाळी घर नाही. काम कमी होणार म्हणून मोर्चे काढणारे आम्ही, पहिले काही महिने काम दुप्पट!
तेव्हा आम्हालाही प्रगतीचे शत्रू म्हणत. भरती किती होणार एवढंच आम्ही विचारत होतो.

कट्टेकरी
आणि भरती झाली का कमी? तुमच्या संघटनांनी वीस वर्षं अडवून धरलं म्हणून आम्ही टोकन हातात घेऊन तासन्‌तास बाकावर बसलो, ते कोण लिहिणार?

खतावणी
तो वेगळा धागा काढा. येतो तिथे.

हुगळीकाठ
अवांतर, पण राहवत नाही. नोकरीनिमित्त बरीच वर्षं कोलकात्यात होतो. एलआयसीच्या कॉम्प्युटरविरुद्ध साठच्या दशकात तिथे मोठं आंदोलन झालं होतं, जुने लोक अजून रंगवून सांगतात. बंगालीत 'यंत्रणा' म्हणजे वेदना, हिंदीतही तेच. आपली यंत्रणा मात्र जिल्हाधिकाऱ्यांच्या हाताखाली असते. एकाच शब्दाची तिकडे कळ, इकडे कचेरी. संस्कृतात मूळ अर्थ जखडणं, आवळणं असा आहे, 'नियंत्रण' त्यातलंच. यंत्रं मोडणारे बहुधा संस्कृत पंडित असावेत :)
ऑटोमेशनवर केंद्रानं नेमलेल्या समितीचे अध्यक्षही आपले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर होते. १९७२च्या त्या अहवालाचं मराठी कुणी केलंय का?

शुद्धमती
व्युत्पत्ती बरोबर, निष्कर्ष चूक. अर्थ सरकतात. बाकी गिरणगाव, 'साचा' मराठी कुठे? गुजरातीत यंत्राला 'संचो' म्हणतात, शिलाई मशीनलाही. मालक गुजराती-पारशी, शब्द त्यांचाच.

गिरणगाव
साचा आमच्याकडे गणपतीचाही असतो. तो काय अहमदाबादेहून आणला? आणि आणला असला तरी घाम कोकणातल्या माणसाचा लागलाय त्याला. मालकी बदलली.

धोटा
इचलकरंजीत 'साचा' कधी ऐकला नाही. आमच्याकडे माग म्हणजे मागच. १९०४मध्ये विठ्ठलराव दातारांनी पहिला यंत्रमाग आणला तो जहागीरदार घोरपड्यांच्या पाठबळानं, फोडायला कुणी आलं नाही. आता शटललेस माग आले, आडवं सूत नेणारा धोटाच गेला, त्यातल्या सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायकाही गेल्या. तेव्हाही कुणी काही फोडलं नाही.

अर्धाअनुवाद
मंडळी, अंक परवा छापायला जातोय. 'मागफोडे' कसं वाटतं?

शुद्धमती
घरफोडेसारखं वाटतं.

गिरणगाव
संपादकांना आवडेल, मालकांनाही.
@धोटा, कांडीला तुमच्याकडे कांडीच म्हणतात की बॉबिन? आमच्याकडे बॉबिन सूतखात्यात, कांडी साच्यावर.

धोटा
कांडीच. पण सोलापूरचे काही वेगळं म्हणतात असं ऐकलंय. कुणी सोलापूरकर आहे का इथे?