आजोबांच्या चिठ्ठ्या आणि ब्योमकेश : तुमच्या घरी खुनी कोण ओळखायचं?

ओसरी :
परवा माळा आवरताना आजोबांचं चष्म्याचं घर सापडलं. आत चष्मा नव्हता, घड्या घातलेल्या चिठ्ठ्या होत्या. चौदा. सगळ्यांवर त्यांच्या वळणदार अक्षरात एकच शब्द : डॉक्टर.

मी तिथेच शिडीवर बसून रडले.

१९९३ मध्ये दूरदर्शनवर 'ब्योमकेश बक्षी' ही बंगाली गुप्तहेराची हिंदी मालिका सुरू झाली तेव्हा मी सहावीत होते. आमच्या घरचा नियम असा, की अर्धा भाग झाला की प्रत्येकाने गुन्हेगाराचं नाव चिठ्ठीवर लिहून टीव्हीवरच्या क्रोशाच्या रुमालाखाली सरकवायचं. शेवट झाला की आजी चिठ्ठ्या उघडणार, बरोबर आलेल्याला श्रीखंडाची गोळी. 'सत्यान्वेषी'च्या भागात, तो मेसवाला डॉक्टर अनुकूलबाबू, आजोबांनी 'डॉक्टर' लिहिलं आणि तोच निघाला. तिथून पुढे दर आठवड्याला डॉक्टर! गोष्टीत डॉक्टर असो वा नसो. आम्ही हसायचो. ते म्हणायचे, "हसा. तो सुटून येणार. तसला माणूस हार मानत नाही."

एक भाग मात्र आमचा अर्धाच राहिला. ऐन रंगात लाइट गेली ती रात्री उशिरा आली. मला त्यातली फक्त काडेपेटी आठवते, आणि स्वयंपाकघरात चुलीपाशी मेलेली मुलगी. पुढच्या उन्हाळ्यात आजोबा गेले. २०२० च्या टाळेबंदीत दूरदर्शनने मालिका परत दाखवली, पण तेव्हा घरात आजारपण होतं, बघायची राहिलीच. आता पहिल्यापासून लावणार आहे. तुमच्याही आठवणी लिहा ना, ब्योमकेशच्या किंवा कुठल्याही जुन्या गुप्तहेराच्या.

सदाफुली :
अगं काय लिहिलंयस! डाळ करपली माझी वाचता वाचता. आमच्याकडे करमचंद, तो गाजर खाणारा गुप्तहेर, आणि त्याची सहायक किटी. १९८५, मी चौथीत. धाकटा भाऊ बाबांचा काळा गॉगल लावून घरभर गाजर खात फिरायचा आणि मी काही विचारलं की "शट अप किटी". आईने गाजरं आणणंच बंद केलं शेवटी. भाऊ आता पन्नाशीकडे झुकलाय, परवा फोनवर मी रक्तातली साखर विचारली तर म्हणाला, शट अप किटी :)

टिंब :
करमचंद झालेला पंकज कपूर!! तो माणूस गाजर मोडायचा तेसुद्धा संशयाने.

पोलीसलाईन :
आमच्या घरी खुनी ओळखायचा प्रश्नच नव्हता, चुका ओळखायच्या असत. वडील पोलीस हवालदार. मुंबई दूरदर्शनवर 'एक शून्य शून्य' लागलं की ड्युटी नसेल तर बनियनवर समोर बसायचे. शिवाजी साटम आत शिरले की पहिला प्रश्न, "पंच कुठायत? पंचांशिवाय पंचनामा?" कुणी प्रेताजवळची वस्तू उचलली की हळहळायचे, "अरे, हात नको लावू रे." आम्हाला गोष्ट कळायचीच नाही. पण एक सांगते, त्या मालिकेतले पोलीस थकलेले दिसायचे. घामेजलेले, चहाचा कप घेऊन उभे. वडिलांना तेच आवडायचं. बाकी कुठल्या पडद्यावरचा पोलीस त्यांना आपला वाटला नाही. निवृत्त झाल्यावर सगळ्यात जास्त कशाची आठवण काढली असेल तर या मालिकेची. गेल्या वर्षी गेले. जुने भाग कुणाकडे असतील तर कळवा, आईला दाखवायचेत.

सदाफुली :
पोलीसलाईनताई, वाचून गलबलले. काकांना नमस्कार.

चकलीचा_सोऱ्या :
नवीन मुलांसाठी : एक शून्य शून्य म्हणजे पोलिसांचा १०० नंबर. दिग्दर्शक बी. पी. सिंग. याच सिंग-साटम जोडीने पुढे १९९८ मध्ये सीआयडी काढलं, ते वीस वर्षं चाललं. माझ्या मुलाला साटम म्हणजे फक्त एसीपी प्रद्युम्न. त्याला सांगितलं, बाळा, आम्ही त्यांना मराठीत तपास करताना पाहिलंय. त्याला खरंच वाटेना.

खिडकी_सीट :
ब्योमकेशचा 'रास्ते का काँटा' हा भाग आठवतोय का कुणाला? सायकलच्या घंटीतून सुटणारी ग्रामोफोनची पिन? तो भाग बघितल्यावर मी जवळजवळ वर्षभर सायकलच्या घंटीला घाबरत होते. पोस्टमनकाका फाटकाशी घंटी वाजवायचे आणि मी छातीवर पाटी धरून दारामागे! त्यांना वाटायचं ही पोर लाजते. दिवाळीची पोस्त द्यायला आईने मलाच पाठवलं तेव्हा जीव मुठीत धरून गेले. गेल्या महिन्यात पुन्हा बघितला तो भाग. भीती गेली, पण घंटी वाजली तेव्हा हात आपोआप छातीवर गेला.

टिंब :
अहो, खून कसा केला ते सांगून टाकलंत की!! मी आजच तिथवर पोचणार होतो.

खिडकी_सीट :
अरे देवा. सॉरी सॉरी. पण खुनी कोण ते नाही सांगितलं हं.

सदाफुली :
टिंबदादा, तीस वर्षं झाली, आता नाही सांगायचं तर कधी!

मध्यमवर्ग :
तहकीकात कुणीच कसं नाही काढलं? १९९४. विजय आनंद सॅम डिसिल्व्हा, सौरभ शुक्ला त्याचा जोडीदार गोपीचंद. तेव्हा मला विजय आनंद फक्त शांत बोलणारे, पिकल्या केसांचे गृहस्थ वाटायचे. 'तीसरी मंझिल' आणि 'ज्वेल थीफ' याच माणसाने दिग्दर्शित केलेत हे कॉलेजात गेल्यावर कळलं. मग त्या शांतपणाचा अर्थ लागला. ज्याने आयुष्यभर प्रेक्षकांपासून खुनी लपवला त्याला शोधायची घाई कशाला असेल! आता बघताना काही भाग लांबतात, भुताटकीचा भपकाराही जास्त वाटतो. तरी ते दोघं गाडीतून बोलत निघाले की मी हातातलं काम ठेवतो.

चकलीचा_सोऱ्या :
+१. गोपीचंद!!

पानवेल :
मी मोबाईलवरून टायपतेय, चुका पोटात घाला. लेकीला झोपवतेय. मला गुन्हेबिन्हे काही आठवत नाहीत, ब्योमकेशची बायको सत्यवती आठवते. सुकन्या कुलकर्णी. आपली मराठी मुलगी बंगाली साडीत, इतकी शोभायची. आणि ब्योमकेश आणि त्याचा मित्र अजित दुपारी नुसते गप्पा मारत बसायचे, अजित झालेले के. के. रैना वर्तमानपत्राच्या आडून काहीतरी विचारायचे, ब्योमकेश झालेले रजित कपूर अर्धंच उत्तर द्यायचे. मला मोठेपणी तसं घर हवं होतं. पुस्तकं, चहा, कुणीतरी कोडं घेऊन दार वाजवतंय. दिग्दर्शक बासू चटर्जींनी खुनाच्या गोष्टीतसुद्धा घर दाखवलं. उठली ही. नंतर लिहिते.

मध्यमवर्ग :
पानवेल, अगदी. आणि ब्योमकेश स्वतःला डिटेक्टिव्ह म्हणवून घेत नाही. सत्यान्वेषी म्हणतो. मला लहानपणी हा शब्द उच्चारता यायचा नाही, सत्यनारायण म्हणायचो.

पोलीसलाईन :
शशी कपूर सत्यजित रायांचा गुप्तहेर फेलुदा झाले होते ते पाहिलंय का कुणी? 'किस्सा काठमांडू का'. मोहन आगाशे त्याचा मित्र जटायू. आमच्या लाईनीतल्या एकाच घरी रंगीत टीव्ही, वीस-पंचवीस पोरं जमिनीवर.

टिंब :
राजा और रँचोमधलं माकड विसरू नका. माझ्या मते सगळ्यात हुशार तेच होतं.

सदाफुली :
कुणी गाजर हलव्याला खवा घालतं का, की नुसतं दूध आटवता? धाग्यामुळे गाजरं आणली आज.

खिडकी_सीट :
नुसतं दूध. खव्याने जड होतो.

वाळूघड्याळ :
ओसरी, उशिरा वाचलं. तुझा अर्धा राहिलेला भाग 'अग्निबाण'च्या कथेचा असणार. काडीतलं विष, काडी पेटली की धुरातून जीव घेणारं. चुलीपाशी मेलेली मुलगी म्हणजे तीच.

पण मला वेगळंच सांगायचंय. ब्योमकेशचे मूळ लेखक शरदिंदू बंद्योपाध्यायांनी त्या कथेला जोडून पुढची कथा लिहिली, 'उपसंहार'. आणि त्या कथेत अनुकूलबाबू परत येतो. शिक्षा भोगून, नाव बदलून, ब्योमकेशवर सूड घ्यायला. हाती तीच विषारी काडी.

तुझे आजोबा बरोबर होते गं. डॉक्टर.

पानवेल :
अंगावर काटा आला.

मध्यमवर्ग :
आजोबांची श्रीखंडाची गोळी राहिली म्हणजे!

ओसरी :
वाळूघड्याळ, काय लिहू. दहा मिनिटं फोन हातात धरून बसले होते. आजोबांनी बंगाली वाचलेलं नव्हतं, अनुवादही घरात नव्हते. त्यांना तो माणूस नुसता बघून कळला होता. आईला फोन केला तर ती आधी गप्प आणि मग म्हणाली, "आप्पा म्हणायचेच." आज रात्री ती आणि मी आपापल्या घरी एकाच वेळी लावणार आहोत. चौदातली एक चिठ्ठी टीव्हीशेजारी ठेवलीय. रुमाल नाही आता, पण गोळ्या आणल्यात.

टिंब :
कितीला लावताय? मीही बसतो. कुणी काही सांगू नका प्लीज.