मदत हवी आहे: ऊसतोड महिलांच्या अभ्यासात संमती कशी घ्यावी?

ओवी: एमपीएचच्या (सार्वजनिक आरोग्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या) प्रबंधासाठी ऊसतोड महिलांचं हिमोग्लोबिन तपासायचं आहे. बोटाला टोचून रक्ताचा थेंब आणि 20 प्रश्न. बऱ्याच जणींना लिहिता-वाचता येत नाही. मुकादम (मजुरांची टोळी आणणारा ठेकेदार) म्हणतो, "माझी सही घ्या, सगळ्यांची आली." एथिक्स कमिटी (संशोधनाला मंजुरी देणारी नैतिकता समिती) हे मान्य करेल का? 17 वर्षांच्या, लग्न झालेल्या मुलींचं काय करायचं?

रानवाट: अजिबात नाही. मुकादमाची परवानगी म्हणजे तळावर यायची मुभा, एवढंच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार संमती ज्याची त्यानेच द्यायची. इथे तर हे काटेकोर पाळाच. घराची उचल (आगाऊ रक्कम) मुकादमाकडून घेतलेली, तो शेजारी उभा असताना ती बाई "नको" म्हणणार कशी? तो नसताना तिच्या कोपीपाशी (झोपडीपाशी) बोला. कामावरून उठवू नका, खाडा पडला तर पैसे तिचेच कापले जातात.

माहितीपत्रक मोठ्याने वाचा, तिच्या बोलीत समजावा. मग तिलाच विचारा, "आम्ही काय करणार आहोत? मधेच नको वाटलं तर काय करायचं?" तिला स्वतःच्या शब्दांत सांगता आलं, तरच अंगठा घ्या. शेजारी वाचता येणाऱ्या त्रयस्थ साक्षीदाराची सही हवी, आणि साक्षीदार सुरुवातीपासून हजर हवा. शेवटी हाक मारून घेतलेल्या सहीला काही अर्थ नाही. मुकादमाचे नातेवाईक नकोत, तुमच्या टीमचे लोकही नकोत. गावातल्या शिक्षिका चालतील. पत्रकाची एक प्रत तिच्याकडे राहू द्या.

17 वर्षांची मुलगी लग्न झालं तरी अल्पवयीनच. तिचा लेखी होकार लागतो, शिवाय पालकाची संमती. आईवडील गावी असतील तर संमती कोणाची, हे कमिटीला आधीच लेखी विचारा. दुसरा पेच मोठा आहे: लग्न झालेलं असलं तरी 18 च्या आतल्या मुलीशी शरीरसंबंध हा पॉक्सोखाली (बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायदा) गुन्हा, आणि तो कळला तर कळवण्याचं बंधन येतं, म्हणून "काहीही बाहेर जाणार नाही" असं सरसकट वचन त्यांना देऊ नका. अभ्यास 18 च्या पुढच्यांपुरता ठेवला तर हा पेच टळतो, पण मग सर्वांत जोखमीच्या मुलीच अभ्यासाबाहेर राहतात. प्रबंधात ही मर्यादा स्पष्ट लिहा.

नीरक्षीर: तपासणीचा आकडा जागेवरच चिठ्ठीवर लिहून तिच्या हातात द्या. हिमोग्लोबिन 8 ग्रॅमच्या खाली, गरोदर असेल तर 7 च्या खाली, म्हणजे तीव्र रक्तक्षय. त्यांना कुठल्या आरोग्य केंद्रात, कोण आणि कसं नेणार ते प्रस्तावातच लिहा. हे नसेल तर प्रस्ताव परत येऊ शकतो. प्रश्नावलीवर नाव नको, फक्त क्रमांक. नाव-क्रमांकांची यादी वेगळ्या कुलपात. आणि मंजुरीआधी एकही फॉर्म भरू नका, मागाहून मंजुरी मिळत नाही.