‘विशेष’ सरकारी वकील: प्रत्येक खटल्यात मागणी कशासाठी?

सिव्हिल लाइन्सकर:
नागपुरात गंभीर गुन्हा घडला की संविधान चौकात लोक जमतात आणि निवेदनात ‘विशेष सरकारी वकील नेमा’ ही मागणी असतेच. ‘विशेष’ म्हणजे शिक्षा हमखास लावून देणारा, असा समज झालाय. कायद्यात तसं नाही. आधी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम २४(८) होतं, १ जुलै २०२४पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १८(८) आहे. एखाद्या खटल्यापुरता किंवा ठरावीक प्रकारच्या खटल्यांसाठी नेमलेला, किमान १० वर्षं वकिली केलेला माणूस, एवढाच अर्थ. सुप्रीम कोर्टाने १९८८ साली मुकुल दलाल प्रकरणात बजावलंय की फिर्यादीने मागितला म्हणून उठसूट देऊ नका, कारणं तपासा.

मानेवाड्याची ताई:
भाऊ, कलमं बरोबर आहेत. पण आमच्या घरच्या खटल्यात नेहमीचे सरकारी वकील साक्षीच्या दिवशी सकाळी फाइल उघडत. त्यांच्याकडे खटल्यांचा ढीग, म्हणून त्यांना दोष देत नाही. स्वतःचा वकील लावला, तर तो फक्त मदतनीस. साक्षीदाराला प्रश्न विचारू शकत नाही, परवानगीने लेखी युक्तिवाद तेवढा देता येतो. २०१९च्या रेखा मुरारका निकालाने हे पक्कंच केलं. मग ‘विशेष’ मागायचा नाही तर काय करायचं?

सदरचा जुना वकील:
ताई, तुमचं दुःख खरं आहे, तरी एक धोका सांगतो. विशेष वकीलसुद्धा राज्याचाच, फिर्यादीचा नाही. शिव कुमार प्रकरणात १९९९ साली कोर्टाने हेच म्हटलं: खरी हकीकत बाजूला सारून कसंही करून शिक्षा मिळवणं हे सरकारी वकिलाचं काम नव्हे. आरोपीच्या बाजूचा पुरावा दिसला तर तोही त्याने कोर्टापुढे आणायचा. फी फिर्यादीकडून घ्यायची वेळ आली, तर ती आगाऊ सरकारी यंत्रणेत भरावी, असं मुकुल दलालमध्ये त्यासाठीच आहे.

मानेवाड्याची ताई:
काका, आम्हाला निष्पक्षच हवा, पण फाइल वाचून आलेला.

सिव्हिल लाइन्सकर:
म्हणूनच म्हणतो, मोर्चात सरकारी वकिलांची पदं वाढवायची मागणी करा. एका खटल्याला ‘विशेष’ मिळाला तर बाकीच्यांच्या फायली तशाच राहतात.

मानेवाड्याची ताई:
पदं भरेपर्यंत आमच्या साक्षीदारांनी थांबायचं का, तेवढं सांगा.