मदत हवी आहे: घोडीची उंची इंचातून 'हातात' कशी काढायची?

गोदाकाठची:
नमस्कार मंडळी. मामांनी सारंगखेड्याच्या यात्रेतून मारवाडी घोडी आणलीय, पंचवटीत आमच्या परसातच बांधतो. व्यापाऱ्याने एकोणसाठ इंची म्हणून दिली, घरी टेप लावला तर तेवढीच भरली. लेकीला तिच्यावर बसून स्पर्धेत उतरायचंय आणि फॉर्ममध्ये उंची 'हातात' मागितलीय. मामा म्हणाले, हात म्हणजे कोपरापासून मधल्या बोटापर्यंत, अठरा इंच. त्या हिशेबाने घोडी सव्वातीन हात! ते काही पटेना. नेटवर चार इंचांचा एक हात सापडला, म्हणून ५९ ला ४ ने भागून १४.७५ लिहिलं, तर फॉर्म परत आला. शनिवारी मुदत संपतेय. कुठे चुकतंय?

टापा:
ताई, मामांचा हात कापड मोजायचा. घोड्याचा हात म्हणजे आडवा पंजा, अंगठ्यासकट; तो चार इंचांवर कायम केलाय. भागाकार बरोबर आहे, लिहिणं चुकलं. टिंबापुढे दशांश नसतो, उरलेले इंच असतात. चौदा चोक छप्पन्न, उरले तीन. म्हणून १४.३. टिंबापुढे ०, १, २, ३ एवढंच येतं. चार झाले की पुढचा हात.

पण टेप खांद्याच्या गोलाईवरून नेला होता का? मग माप जास्तच येतं. आयाळ संपून पाठ सुरू होते तिथल्या उंचवट्यापर्यंत सरळ उभं मोजायचं, डोक्यापर्यंत नाही. तुमच्या बाबतीत एका इंचाने फरक पडेल: साधारण १४.२ पर्यंत पोनी धरतात, त्यावर घोडा. गट बदलू शकतो.

गोदाकाठची:
हो दादा, टेप अंगाला चिकटवूनच धरला होता. आज सकाळी फरशीवर चारही पाय सरळ ठेवून उभी केली. काठी उभी धरली, उंचवट्यावर आडवी पट्टी टेकवली आणि पट्टीवर गवंडीकाकांची पाणसळ ठेवली. बुडबुडा मध्ये आल्यावर खूण केली. अठ्ठावन्न! म्हणजे १४.२ ना? आणि पायात नाल आहेत, ते वजा करायचे का?

टापा:
१४.२ बरोबर, सेंटिमीटरमध्ये १४७.३. नालांचं मनाने वजा करू नका. मोजताना नाल होते एवढं फॉर्मवर लिहा आणि आयोजकांना फोन करून विचारा, आजच.